पट्टा पडेपर्यंत

प्रिय मुली,

आई-वडील भावाला घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला गेले. मुकादमाची उचल, म्हणजे टोळी नेणाऱ्याने आगाऊ दिलेले पैसे, फिटेपर्यंत, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊस गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, ते काही परत येत नाहीत. धारूरच्या त्या दोन खोल्यांत आता तू आणि आजी, आणि त्यात तुझं दहावीचं वर्ष. जो तो तुला सांगेल, "आता घर तूच बघायचं." मी तसं म्हणणार नाही. घर दोघींनी मिळून चालवा. कात्री लावायची वेळ आली तर कशालाही लावा, शाळेला लावू नका.

एक हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. बोर्डाला 75 टक्के हजेरी लागते. आठवड्याचे सहा दिवस शाळा. एक खाडा पडला तर हजेरी 83 टक्क्यांवर येते, दोन पडले तर थेट 67 वर. म्हणजे रेशन, बँक, दवाखाना, टँकर या सगळ्यांना मिळून आठवड्यातला एकच दिवस, आणि तोही जमेल तितका वाचवायचा.

आधी रेशनचं. तुमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी 5 किलो, पाच नावांचं 25 किलो धान्य महिन्याला फुकट मिळतं. दोघींना महिन्याला साधारण वीस-एकवीस किलो पुरतं. पण आई-वडील आणि भाऊ तिकडच्या दुकानातून त्यांचा वाटा उचलू शकतात, कार्ड तेच चालतं. त्यांनी उचलला की इथे 10 किलोच उरतं, आणि हे कळतं तेव्हा तू दुकानाच्या रांगेत उभी असतेस. म्हणून महिना लागायच्या आधी फोनवर ठरवून घ्या, कोण किती उचलणार.

दुसरी अडचण आजीच्या अंगठ्याची. जन्मभर कोयता धरून आणि भाकरी थापून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. मशीन तीनदा "जुळत नाही" म्हणतं आणि दुकानदार म्हणतो, "उद्या या." आदल्या रात्री तिच्या बोटांना खोबरेल चोळ. सकाळी कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने नीट पूस. तेल राहिलं तर ठसा घसरतो. अंगठा नाही जुळला तर दुसरी बोटं लावून बघा, नाहीतर डोळ्याच्या मशीनचं किंवा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीचं विचार. त्यापेक्षा सोपं म्हणजे तू स्वतःच अंगठा दे. कार्डावर नाव असलेलं कोणीही देऊ शकतं. फक्त पंधरा पूर्ण झाल्यावर आधारचे ठसे पुन्हा द्यावे लागतात. सतराच्या आत ते फुकट होतं, आणि राहून गेलं तर पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जालाही अडतं. दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाक.

आजीला श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिन्याला 1500 रुपये येतात. एखाद्या महिन्यात आले नाहीत तर पगार बंद झाला म्हणून रडत बसू नका. बहुतेक वेळा पैसे दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं, तिकडे ते जातात, आणि म्हाताऱ्या माणसांची कोणीकोणी उघडून दिलेली दोन-तीन खाती असतात. बँकेत जाऊन एवढंच विचार: "आजीचं आधार कोणत्या खात्याला जोडलंय?" पैसे बँक मित्राकडून काढताना आधी शिल्लक विचारा, मग रक्कम सांगा. "अंगठा उठला नाही, परत लावा" असं तो म्हणाला तर दुसऱ्यांदा लावायच्या आधी पहिल्याची पावती माग. दर वर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका.

आता गोळ्यांचं, आणि इथे तू कडक राहा. आजी बीपीची गोळी एकादशीला घेत नाही, आणि बरं वाटलं की पाकीट डब्यात ठेवून देते. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, हे तिला रोज सांगावं लागेल, सांग. नवीन पाकीट आलं की मागच्या बाजूला प्रत्येक गोळीवर बॉलपेनने तारीख टाक, एक गोळी एक तारीख. गोळी राहिली की लगेच दिसतं. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, एका खेपेला महिन्याची माग. गुडघ्यांसाठी मेडिकलवरून आणलेली दुखीची गोळी मात्र बंद करा. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी चढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. कधी तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळात वेळ बघ आणि 108 लाव. पाणी पाजू नकोस, ठसका लागतो. हा लकव्याचा झटका असू शकतो. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून मोठ्या दवाखान्यात लवकरात लवकर पोचा, आणि म्हणूनच डॉक्टर पहिल्यांदा वेळ विचारतात.

टँकरसाठी खाडा करू नकोस. टंचाईत सरकारी हिशोब माणशी रोज 20 लिटरचा असतो. त्या मापाने 200 लिटरचं टिपाड दोघींना पाच दिवस जातं. पाइप टिपाडात धरायचं काम शेजारच्या काकूंना सांग, बदल्यात संध्याकाळी त्यांच्या लहानग्याचा अभ्यास घे.

राहिलं ते सगळ्यात अवघड. एखाद्या दिवशी मामा किंवा आत्या स्थळ घेऊन येतील. लग्न झालं की जोडी होते, आणि ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, म्हणून जोडी झाली की नवा कोयता आणि नवी उचल. आजी हो म्हणेल, पण ती वाईट आहे म्हणून नाही. पोरीचं काही बरंवाईट झालं तर मुलाला काय तोंड दाखवू, ही तिची भीती आहे. त्या भीतीला वाद घालून उत्तर मिळत नाही. रात्री काकूंची मोठी मुलगी सोबत झोपायला येईल असं बघ. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह आहे, त्याची चौकशी वर्गशिक्षिकांकडे आत्ताच कर. तरीही सुपारी फुटायची वेळ आली तर 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर लाव. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. अठराच्या आतलं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे मामालाही सांग. नंबर फोनमध्ये ठेवू नकोस, फोन काढून घेतात. गणिताच्या वहीत शेवटच्या पानावर लिही, आणि एकदा वर्गशिक्षिकांना ते पान दाखवून ठेव.