दातापुरतं बघ ना!

"मॅडम, मी चुकीच्या लाइनला आलेय का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. टिळक रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न नवा नाही. ही बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची, ४ वर्षं संपवून इंटर्नशिपला आलेली. हाताला लवंगेच्या तेलाचा वास. "कितीही धुतला तरी जात नाही," ती ओशाळून म्हणाली.

एका पेशंटला ती पाऊण तास लावते. तेवढ्यात बाकीचे इंटर्न दोघांचं स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण काढणं, उरकतात. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "दातापुरतं बघ ना! एवढी हौस होती तर एमबीबीएस करायचं." आईचंही तेच पालुपद, जरा मऊ सुरात: "अजून एकदा 'नीट'ची परीक्षा दिली असतीस तर..."

मी म्हटलं, तुझा एक पेशंट सांग. अगदी पहिल्यापासून.

हडपसरच्या भाजीवाल्या मावशी. दात हलतात म्हणून आलेल्या, हिरड्यांतून पू, रोजची मिश्री. हिने विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता? चार-पाचदा. तहान? "उन्हाळाच आहे की बाई." हिने साखर तपासायला पाठवलं. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, निघाली ९.८; ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. साखरेनं हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर उतरू देत नाहीत, हे सांगताना पोरीचा आवाजच बदलला.

लाइन चुकली नव्हती. पण सरही अगदीच चुकले नव्हते, आणि तेही मी तिला सांगितलं. आवडलं नाही तिला. पाऊण तासात तिने मावशींना पथ्य, चालणं, झोप, वर सुनेशी कसं बोलावं तेही सांगितलं होतं. बाहेर बाकावर एक जण गाल धरून बसलेला.

केसपेपरवर जुन्या आजारांचा रकाना असतोच. घाईत त्यात आडवी रेघ मारली जाते. आम्ही ठरवलं, रेघ मारायची नाही: साखर, बीपी, चालू गोळ्या, तंबाखू-मिश्री, हृदयाच्या झडपेचं काही. बस्स. काही सापडलं तर फिजिशियनला चिठ्ठी, आणि आपण दाताकडे.

आईचा विषय त्या दिवशी राहूनच गेला. तो पुढे तीन बैठका चालला.

दोन महिन्यांनी आली तेव्हा वेळ पंचवीस मिनिटांवर आला होता. सर अजून कुरकुरतात. मावशींची साखर उतरतेय, दोन दात मात्र काढावे लागले. तिनेच काढले. मिश्री सोडली म्हणतात मावशी. तिचा विश्वास नाही.