त्याच्या चहातलं औषध

प्रश्न: आम्ही कळव्याला, खारेगावात राहतो. मुलगा 27 वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले. वरच्या मजल्यावरचे लोक आपल्या पाण्यात काहीतरी मिसळतात म्हणून तो फक्त विकतचं बाटलीतलं पाणी प्यायचा. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्या तो थुंकून टाकायचा. मग कुणीतरी सुचवलं म्हणून मी रिस्पेरिडोनचं पातळ औषध त्याच्या सकाळच्या चहात घालायला लागले. सात महिने झाले. आता तो शांत आहे, झोपतो, महापेला गोडाऊनमध्ये कामालाही लागलाय. डॉक्टरांकडे यायला तयार नाही, मी जुन्या चिठ्ठीवर औषध आणते. पण हल्ली त्याचे हात थरथरतात, चालताना अंग आखडल्यासारखं होतं, सकाळी उशी लाळेने ओली असते. परवा म्हणाला, "आई, मला काय होतंय गं?" मी गप्प बसले. त्याला सांगू का? सांगितलं तर तो आमच्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवेल का? – एक आई

उत्तर:

ताई,

पत्र वाचून घाबरून उद्या सकाळी औषध बंद करू नका. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तसं करावंसं वाटेल.

तुम्हाला बोल लावायला मी बसलेले नाही. चहात, वरणात, शिऱ्यात औषध घालणाऱ्या आया मला ठाऊक आहेत. मी ठाण्यातच वाढले. अख्खा महाराष्ट्र ज्याला "ठाण्याला पाठवा" म्हणून हसतो, ते 1901 सालचं मनोरुग्णालय आमच्या गावात. त्या हसण्याची भीती काय असते आणि त्या भीतीपोटी घरं काय काय लपवतात, हे पाहत आले.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल, आणि म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत. आपल्या पिण्यात कुणीतरी काहीतरी मिसळतंय, ही त्याची तक्रार. आज ती खरी आहे. मजला तेवढा चुकला. हे त्याला स्वतःहून सापडलं, कपाटामागची बाटली दिसली, तर तो आजारी आहे हे त्याला पटवणारा माणूस घरात उरणार नाही.

आता त्याच्या हातांबद्दल. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा जोर अडवतात. आवाज त्यामुळेच ओसरतात, आणि हालचाली अडखळतात त्याही बऱ्याचदा त्यामुळेच. थरथर, आखडणं, लाळ हे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. डोस कमी करून किंवा औषध बदलून त्यावर उपाय होतो. पण तो डॉक्टरांनी करायचा. थरथरीवरची गोळी केमिस्टकडून परस्पर आणून तीही चहात घालू नका. याच औषधाने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढून पुरुषांच्या लैंगिक तक्रारीही होतात. त्या तो आईला सांगणार नाही, आणि डॉक्टरांना सांगायला औषध चालू आहे हे त्याला माहीतच नाही. गोडाऊनमध्ये तो शिडीवर चढत असेल, फोर्कलिफ्टच्या आसपास असेल, तर सुस्ती येते कशाने हे त्याला कळायला नको? उद्या उलट्या झाल्या आणि नाक्यावरच्या डॉक्टरांनी उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं, तर तेही डोपामिन अडवतं म्हणून आखडणं आणखी वाढेल. त्या डॉक्टरांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल.

एक मात्र वाट न पाहण्यासारखं. कडक ताप, अंग लाकडासारखं ताठ, भरपूर घाम आणि भान सुटल्यासारखं बोलणं असं एकत्र दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत न्या आणि चहातल्या औषधाचं तिथे स्पष्ट सांगा. असं क्वचित होतं, पण त्यात जीव जाऊ शकतो.

आणि चहा! रिस्पेरिडोनच्या पातळ औषधाच्या माहितीपत्रकात पाणी, कॉफी, संत्र्याचा रस, कमी साईचं दूध चालेल असं लिहिलेलं असतं. चहा आणि कोला चालत नाही, असंही लिहिलेलं असतं. वर तो कप अर्धा टाकून निघाला की डोस किती गेला, हे तुम्हालाही कळत नाही. पाहुण्यांच्या गडबडीत कप बदलला तर विचारायलाच नको.

म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तो येत नसेल तर एकट्या जा. औषधाची बाटली आणि माप सोबत न्या, रोज किती मिली घालता ते खरं सांगा. जुने डॉक्टर परवडत नसतील तर मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, तुमच्या दारात कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय आहे. वजन, साखर, कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्या कधी करायच्या तेही विचारा. सात महिने जुन्या चिठ्ठीवर कुणाचीच नजर नाही, हे मला चहापेक्षाही जास्त खुपतंय.

सांगायचं कसं, ते त्यांच्याशी बोलून ठरवा. भांडणात नको, नातेवाईक जमवून नको, आणि समोर चहाचा कप ठेवून तर नकोच. सुरुवात त्याच्याच प्रश्नापासून करता येईल: "तू त्या दिवशी विचारलंस ना काय होतंय, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. तू झोपत नव्हतास, मी घाबरले होते. डॉक्टरांचं औषध मी तुला न सांगता देत होते. चुकलं माझं. इथून पुढे तुला न विचारता काही देणार नाही." तो चिडेल. चिडू दे. त्याच्या रागालाही आजार म्हणू नका, आज तो बरोबर आहे.

नंतर बोलायचं ते कामाबद्दल. आजार मान्य कर, असा हट्ट नको. झोप लागतेय, कामावर जातोयस, पगार येतोय, हे टिकवायचं आणि थरथर घालवायची, यावर तो डॉक्टरांकडे यायला तयार होण्याची शक्यता जास्त. रोजची कटकट नको असेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, पण ते त्याच्या होकारानेच. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा मूळ धागाही तोच आहे: माणसाने समजून दिलेली संमती. पुन्हा बिघडलं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे तो बरा असताना लिहून ठेवू शकतो. स्वतःचा प्रतिनिधीही नेमू शकतो. कदाचित तुम्हालाच नेमेल. कदाचित मामाला.

तो म्हणेल, आता बरा आहे, बंद करतो. डॉक्टरांसमोर हा आकडा ठेवा: 2012 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात औषध चालू असलेल्या 100 जणांपैकी सुमारे 27 जणांचा आजार वर्षभरात उलटला, ज्यांना औषध नव्हतं त्यांच्यात 64 जणांचा. निर्णय तरीही त्याचा, पण हे ऐकून घेतलेला.

नाहीच घेतलं, तर लपवून पुन्हा सुरू करू नका. झोप किती होते ते पाहा, तो पुन्हा विकतचं पाणी आणायला लागला का ते पाहा. तसं दिसलं की लगेच डॉक्टरांना कळवा. मध्यरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर तुमच्याकडे लिहून ठेवा, आणि त्यालाही द्या.