मोजक्या प्रश्नाचं काम सोपं असतं का?

तुझ्या पत्राचा गोषवारा असा: मानसशास्त्रात एम.ए.चं शेवटचं वर्ष, मुलांसोबत काम करायची आवड, आणि मुलांच्या ताब्याच्या दाव्यांत न्यायालयासाठी होणाऱ्या कौटुंबिक मूल्यमापनाबद्दल बरंच वाचन. त्यातला ‘ब्रीफ फोकस्ड असेसमेंट’, म्हणजे मर्यादित मूल्यमापन, हा प्रकार तुला भावला. प्रश्न एक-दोनच, भेटी मोजक्या, अहवाल आटोपशीर. नवख्या माणसाने हात बसवायला हेच बरं नाही का, असं तू विचारतेस.

नाही. या क्षेत्रात जरूर जा, पण सुरुवातीला हे काम घेऊ नकोस.

संपूर्ण मूल्यमापनात दोन्ही पालक, मूल, त्यांची नाती, घर, शाळा असं बरंच काही तपासलं जातं आणि बहुधा शिफारसही केली जाते. मर्यादित मूल्यमापनात प्रश्न आधीच ठरलेला असतो. चार वर्षांचं मूल वडिलांकडे रात्री मुक्कामाला राहू शकेल का? शाळा बदलण्याबद्दल दहा वर्षांच्या मुलीचं स्वतःचं म्हणणं काय? वेळ आणि पैसा वाचतो, कुटुंबाची उलथापालथही कमी होते. ‘असोसिएशन ऑफ फॅमिली अँड कन्सिलिएशन कोर्ट्स’ या कौटुंबिक न्यायालयांच्या क्षेत्रातल्या संघटनेने २००९ मध्ये या प्रकारासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती मिळवून वाच.

आता खरी अडचण बघ. मुक्कामाच्या त्या प्रश्नावर तू काम करते आहेस आणि आजी बोलता बोलता म्हणते की पूर्वी मुलाचे वडील त्याच्या आईवर हात उगारायचे. तुला दिलेल्या प्रश्नात हिंसाचाराचा उल्लेखच नाही. तू स्वतःहून खोदायला लागलीस तर नेमून दिलेली चौकट मोडलीस; कानाआड केलंस तर मुलाच्या सुरक्षिततेशी खेळ झाला. अशा वेळी बाब न्यायालयापुढे ठेवायची आणि व्याप्ती वाढवायची की संपूर्ण मूल्यमापन मागवायचं, हे त्यांना ठरवू द्यायचं. (मूल आत्ता धोक्यात असेल तर कायद्याने कळवण्याची जबाबदारी असू शकते, ती वेगळीच.) पण आजीचं ते एक वाक्य प्रश्नाचं रूपच बदलतं, हे तिथल्या तिथे ओळखायला अनेक कुटुंबांची पूर्ण तपासणी जवळून पाहिलेली असावी लागते.

दुसरी गोष्ट लिखाणाची. या अहवालात वर्णनाला महत्त्व असतं. ‘मूल वडिलांना घाबरतं’ असं लिहिलंस की उलटतपासणीत वकील तुला सोडणार नाही. ‘वडील खोलीत आल्यावर मुलाने खेळणं खाली ठेवलं, दाराकडे पाहिलं आणि दोन मिनिटांनी त्यांच्या मांडीवर जाऊन बसलं’ असं लिहिलंस तर न्यायाधीशांच्या हाती काहीतरी पडतं. काय तपासलं नाही, हेही अहवालात स्पष्ट लिहावं लागतं. विद्यार्थ्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण परीक्षेत आपल्याला उलट सवय लागलेली असते: येतं ते सगळं लिहून मोकळं व्हायचं!

तुझ्या पत्रात ‘मुलांना आधार देता येईल’ असं वाक्य आहे. आधार देणं हे थेरपिस्टचं काम. मूल्यमापक तटस्थ असतो. ज्या कुटुंबाची थेरपी केली त्यांचंच मूल्यमापन करायचं नसतं. मुलाने सांगितलेलं गुपित राहणार नाही, हे त्याला त्याच्या भाषेत आधीच सांगावं लागतं. शिवाय दोघांपैकी एक पालक बहुतेकदा तुझ्यावर नाराज होणार, तक्रारही करू शकतो. हे सोसवणार नसेल तर समुपदेशनाची वाट जास्त चांगली, आणि ती कमी प्रतीची मुळीच नाही.

सोसवणार असेल तर आधी क्लिनिकल प्रशिक्षण आणि परवाना किंवा नोंदणी जी लागते ती पूर्ण कर. बालविकास, आसक्तीबंध (मूल आणि त्याला सांभाळणाऱ्यांमधलं भावनिक नातं), कौटुंबिक हिंसाचार, मुलांची मुलाखत घेण्याच्या पद्धती यांवर भर दे. मग अनुभवी मूल्यमापकाच्या देखरेखीखाली संपूर्ण मूल्यमापनांत मदतनीस म्हणून राहा. मर्यादित कामं त्यानंतर.

तोवर एक सराव कर. ओळखीच्या घरी, पालकांना सांगून, मूल खेळत असताना दहा मिनिटं बघ आणि दिसलं-ऐकलं तेवढंच लिही. मग त्यातले तुझ्या मताचे शब्द खोडून टाक. खाली काय उरलं, ते मला पाठव.