शंका यायला लागल्यात? आधी एवढंच करा

बायबलवरचा विश्वास डळमळतोय म्हणता, तर आधी शंका वेगवेगळ्या करा: देवाबद्दलची, ग्रंथाबद्दलची, चर्चच्या कारभाराबद्दलची. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, वागण्याचा राग देवावर काढणारे पुष्कळ असतात.

मग वाचन. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, सलग वाचायला घेऊ नका, लेवीय या नियमांच्या पुस्तकापाशी भल्याभल्यांचा दम संपतो. मार्कपासून, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकापासून, सुरू करा, 16च अध्याय आहेत. नंतर उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात प्राणी आधी, माणूस मागून; दुसऱ्यात आदाम, म्हणजे पहिला माणूस, आधी. लगेच 'सगळं खोटं' म्हणू नका, आणि 'विसंगती नाहीच' असंही नको. नुसतं टिपून ठेवा. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक आणि 13वं स्तोत्र चुकवू नका. तिथे देवालाच जाब विचारलाय, तोही बायबलमध्ये!

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- शंका आली की लगेच घरच्यांसमोर घोषणा करणं.
- फक्त खंडन करणारे किंवा फक्त समर्थन करणारेच वाचणं.

बायबलची जुनी हस्तलिखितं, चर्चच्या पुढाऱ्यांच्या धर्मसभांचा इतिहास सध्या राहू द्या. उपासनेला जायचं की नाही, हेही आजच ठरवायला नको. ज्याच्याशी वाद न होता बोलता येईल असं एक माणूस मात्र शोधा.