स्मिता पाटील तिच्या सोबतच्या माणसांना कशी आठवते?

तुम्ही विचारलंय की पडद्यावर इतकी शांत आणि डौलदार दिसणारी स्मिता पाटील तिच्या मित्रमैत्रिणींच्या आणि सहकलाकारांच्या आठवणीत कशी आहे, प्रत्यक्षातही ती तशीच होती का?

शांत तर मुळीच नव्हती. तिच्याबरोबर वावरलेल्या लोकांच्या मुलाखती वाचा, ऐका. त्यात भेटते ती जीन्स घालणारी, जीप चालवायची हौस असलेली, खळखळून हसणारी आणि मित्रांच्यात असली की बिनदिक्कत शिव्या देणारी मुलगी. आपल्याला आठवतात ते तिचे डोळे आणि तो गंभीर चेहरा. त्यांना आठवतो तिचा दंगा. (एकेरीत लिहितेय, कारण पुण्यात तिला कुणी ‘स्मिताताई’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ती आमच्यासाठी स्मिताच.)

ती जन्मली पुण्यात, १७ ऑक्टोबर १९५५ला. वडील शिवाजीराव पाटील खानदेशातले, शिरपूरचे, समाजवादी चळवळीतले, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका. जन्मताच बाळाच्या चेहऱ्यावर हसू होतं म्हणून नाव स्मिता ठेवलं, असं विद्याताई सांगायच्या. शाळा रेणुका स्वरूप, आणि शाळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे राष्ट्र सेवा दल, समाजवादी विचारांची मुलामुलींची संघटना. तिच्या अभिनयाची मुळं शोधायची तर मी आधी सेवा दलाच्या कलापथकात, म्हणजे गाणी-नाटुकली करत हिंडणाऱ्या मंडळीत, शोधेन. कलापथकात कुणी नायिका नसते. सतरंज्या आपणच घालायच्या, ट्रंका आपणच उचलायच्या, गाणं संपलं की प्रेक्षकांतल्या बायकांशेजारी जाऊन बसायचं. ज्यांनी ते वातावरण पाहिलंय त्यांना तिच्याबद्दलच्या पुढच्या आठवणी ऐकताना आश्चर्य वाटत नाही.

पुण्यात बरेच जण ठामपणे सांगतात की ती फिल्म इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी होती. तसं नाही. तिचे मित्र तिथे शिकत होते आणि ती त्यांच्या कामात असायची. अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या डिप्लोमा फिल्ममध्ये, म्हणजे शिक्षण संपताना विद्यार्थ्यानं केलेल्या चित्रपटात, ती आहे, तेव्हा ती अजून वीस वर्षांचीही नव्हती. त्याच सुमारास मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचायला लागली. जीन्सवरच घाईघाईत साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही आठवण तिच्या तिथल्या सोबत्यांनी इतक्यांदा सांगितलीय की आता ती आपल्या सगळ्यांचीच झाली आहे. बातम्या वाचणाऱ्या त्या चेहऱ्यावर श्याम बेनेगल यांचं लक्ष गेलं. त्यांनी आधी ‘चरणदास चोर’मध्ये छोटं काम दिलं, मग ‘निशांत’, मग ‘मंथन’.

‘मंथन’च्या वेळचा एक किस्सा तिच्याबद्दल बोलणारे बहुतेक जण सांगतात. गुजरातमध्ये, राजकोटजवळच्या एका खेड्यात चित्रीकरण चाललं होतं. बाहेरून काही पोरं हिरॉइन बघायला आली. गावातल्या बायकांच्या घोळक्यात बसलेल्या स्मिताकडे कुणीतरी बोट दाखवलं, तर पोरांचा विश्वासच बसेना. हिरॉइन अशी कशी असेल?

मला तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या किश्शात दिसतं. तिचा डौल शिकवलेला नव्हता. ती त्या बायकांशेजारी उकिडवी बसली, त्या कशा बसतात, पदर कसा ओढतात, परक्या पुरुषाशी बोलताना मान किती वळवतात हे तिनं पाहिलं आणि अंगात मुरवलं. ‘मंथन’मधली बिंदू पाहताना ती सुंदर दिसते हे नंतर लक्षात येतं, आधी दिसते ती दुधाचा हिशेब कळणारी बाई. १९८२मध्ये ‘उंबरठा’ आला तेव्हा मी कॉलेजात होते आणि आईला घेऊन गेले होते. बाहेर पडल्यावर आई कथेबद्दल काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, “पदर खोचून कामाला कशी लागते बघितलंस? नोकरी करणाऱ्या बाईसारखी.” आई स्वतः तीस वर्षं नोकरी करत होती. तिच्या तोंडून नटीला मिळालेली ही एकमेव दाद मला आठवते.

बेनेगल यांच्याच ‘भूमिका’बद्दल मात्र मी जरा जास्त लिहिणार, कारण त्यात पुण्याचा धागा आहे आणि तो फारसा कुणी उलगडत नाही. चित्रपट जुन्या काळच्या अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर बेतलेला. हंसाबाईंनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत सखू’त काम केलं ते १९४१मध्ये, पुण्यातच. त्यांच्या ज्या चित्रपटावरून आत्मचरित्राचं नाव आलं, तो ‘सांगत्ये ऐका’ १९५९पासून आमच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला. आणि प्रभातच्या त्याच जागेवर पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, जिथे स्मितानं आपली पहिली पावलं टाकली. एका नटीनं आपलं फाटकं, खरं आयुष्य कागदावर उतरवलं आणि त्याच शहरातल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीनं ते पडद्यावर पेललं. कोवळ्या पोरीपासून थकलेल्या, पोक्त बाईपर्यंत. राष्ट्रीय पुरस्कार तिला या कामासाठी पहिल्यांदा मिळाला, मग ‘चक्र’साठी दुसऱ्यांदा. बेनेगल शेवटपर्यंत तिच्याबद्दल बोलताना एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत राहिले: कॅमेऱ्यासमोर ती काही वेगळं करायला जात नसे, आणि कॅमेऱ्याला तिच्यावरून नजर काढवत नसे.

जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मधली चिंधी आणि मृणाल सेन यांच्या ‘आकालेर संधाने’मधली भूमिका यांकडेही पाहा. दुसऱ्यात ती ‘स्मिता’ नावाचीच नटी आहे, १९४३च्या बंगालच्या दुष्काळावरचा चित्रपट करायला खेड्यात आलेली. स्वतःच्या नावानं पडद्यावर उभं राहायचं आणि गावातल्या बायांसमोर ओशाळायचं, हे करायला धारिष्ट लागतं.

व्यावसायिक हिंदी चित्रपटांतली तिची आठवण वेगळ्या सुराची आहे. अमिताभ बच्चन सांगतात की ‘नमक हलाल’च्या वेळी तिला अवघडल्यासारखं होत होतं, हे आपण का करतोय असं वाटत होतं. त्या पावसातल्या गाण्याचं तिनं मनाला लावून घेतलं होतं. पुढे तिनंच त्यांना सांगितलं की इतकी वर्षं इतकं काम केलं आणि लोक ओळखतात ते ‘नमक हलाल’वाली म्हणून. यात तिची कुरकुर मला ऐकू येत नाही, तिचा प्रामाणिकपणा ऐकू येतो. आवडत नसलेलं काम तिनं केलं, पण ते आवडतंय असं दाखवलं नाही.

अमिताभ यांचीच दुसरी आठवण तुम्ही नक्की ऐकली असेल. ‘कुली’च्या चित्रीकरणात त्यांना झालेल्या अपघाताच्या आदल्या रात्री तिचा फोन आला, वाईट स्वप्न पडलं म्हणून चौकशी करणारा. तिचे रंगभूषाकार दीपक सावंत यांनी सांगितलेलंही सगळ्यांना पाठ आहे: आपल्याला शेवटी सवाशिणीसारखं सजवावं, असं ती बोलून गेली होती आणि तसं करायची वेळ त्यांच्यावरच आली. ही माणसं मनापासून बोलतात, त्यांच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. पण दर डिसेंबरात वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये याच दोन गोष्टी फिरतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, तिला जणू सगळं आधीच कळलं होतं. याचा मला मनापासून राग येतो. २८ नोव्हेंबर १९८६ला तिला मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून ती गेली, एकतिसाव्या वर्षी. त्यात नियती वगैरे काही नाही. एक तरुण बाई बाळंतपणानंतर दगावली, जशा आपल्याकडे किती तरी दगावत आल्या. स्त्रियांच्या प्रश्नांवर ती स्वतः काम करत होती. तिच्या मृत्यूला गूढ कथा करून सांगणं तिला आवडलं नसतं असं मला वाटतं.

माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाची आठवण शबाना आझमींची. दोघी एकाच काळातल्या, एकाच दिग्दर्शकांच्या, ‘अर्थ’ आणि ‘मंडी’त समोरासमोर. त्यांच्यातली स्पर्धा खरी होती, काही वर्तमानपत्रांनी पेटवलेली आणि काही त्यांची स्वतःची. शबाना यांनी हे कधी लपवलं नाही. आपण तिच्याबद्दल काही बोललो ते बोलायला नको होतं, आणि आपली मैत्री व्हायला हवी होती, पण झाली नाही, असं त्यांनी जाहीरपणे आणि अनेकदा म्हटलंय. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलणं सोपं असतं. राहून गेलेल्या गोष्टीसकट आठवण सांगायला माणूस मोठा लागतो, आणि समोरची व्यक्तीही तितकीच मोठी असावी लागते.

या आठवणींची गरज सर्वांत जास्त आहे ती तिच्या मुलाला, प्रतीकला. आई गेली तेव्हा तो पंधरा दिवसांचा होता, म्हणजे त्याची आई त्याला इतरांकडूनच कळली. २०२४मध्ये नव्यानं जतन केलेला ‘मंथन’ कान महोत्सवात दाखवला तेव्हा तो तिथे नसीरुद्दीन शाहांबरोबर हजर होता, आणि आता तो आपलं नाव प्रतीक स्मिता पाटील असं लावतो. ज्यांनी तिला जवळून पाहिलं ते एकेक जण चाललेत. तिचे सहकलाकार ओम पुरी २०१७मध्ये गेले, बेनेगल २०२४च्या डिसेंबरात. म्हणून मुलाखती मिळतील तेवढ्या ऐकून ठेवा.

आणि चित्रपटांचं विचाराल तर सुरुवात ‘भूमिका’पासून करा, पण आधी हंसाबाईंचं ‘सांगत्ये ऐका’ वाचा. छोटं पुस्तक आहे, दोन संध्याकाळींत होतं. मग ‘जैत रे जैत’, मग ‘उंबरठा’. केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ ती गेल्यावर प्रदर्शित झाला. तो शेवटी ठेवा, आणि मिळाला तर मोठ्या पडद्यावरच बघा. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुने चित्रपट दाखवतात, तिकडच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.