मूळ कागद नाही, मग हस्ताक्षर कोणाचे?

प्रश्न : चिनी सुलेखनातील सर्वश्रेष्ठ कृती म्हणून वांग शीचीच्या ‘लानथिंग’ प्रस्तावनेचे नाव घेतले जाते, परंतु तिची मूळ प्रत अस्तित्वात नाही, असेही वाचले. मग आज दाखवली जाते ती कोणाच्या हातची? (एक वाचक, सांगली)

उत्तर : इ. स. 353 मध्ये आजच्या शाओशिंगजवळ जमलेल्या कवींच्या कवितांना शीचीने ही 28 ओळींची, 324 अक्षरांची प्रस्तावना लिहिली. पुढे थांग सम्राट थायत्सोंगने ती मिळवली आणि परंपरेनुसार 649 मध्ये त्याच्याबरोबर पुरली गेली. आज उरल्या आहेत त्या नकला आणि दगडावर कोरून घेतलेले ठसे.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नक्कल बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. शनलोंग या राजवर्षनामाच्या अर्ध्या शिक्क्यांमुळे तिला ‘शनलोंग प्रत’ म्हणतात आणि ती थायत्सोंगच्या दरबारातील फंग छंगसूची मानली जाते. परंतु प्रतीवर त्याची सही नाही. हे नाव तिला चिकटले ते युआन काळातील संग्राहक क्वो थ्येनशीने शेवटी जोडलेल्या अभिप्रायामुळे, म्हणजे नक्कल झाल्यावर सहाएक शतकांनी. जाणकाराचा तर्क पुढच्या पिढ्यांनी नोंद म्हणून स्वीकारला, असे मला वाटते.

नकलेचे काम मात्र थक्क करणारे आहे. मूळ कागदावर अर्धपारदर्शक कागद ठेवून आधी प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा काढायची आणि मग आतला भाग शाईने भरायचा, ही तेव्हाची एक प्रचलित पद्धत. या प्रतीतील ‘मेइ’ (प्रत्येक वेळी) हे अक्षर पाहावे. त्यातील एक आडवी रेघ गडद, बाकीचे फराटे फिकट आहेत. कारण लेखकाने आधी ‘यी’ (एक) लिहिले होते, जे चिनी लिपीत निव्वळ एका आडव्या रेघेचे अक्षर आहे, आणि नंतर त्याच रेघेभोवती ‘मेइ’ उभे केले. नक्कलकाराने ही खाडाखोड शाईच्या छटेसह जपली. तेव्हा त्याच्यापुढे एखादा खरा कच्चा मसुदा होता, हे मानणे मला रास्त वाटते.

तो मसुदा शीचीचाच होता का, हा प्रश्न वेगळा. 1965 मध्ये चिनी विद्वान क्वो मोरुओ यांनी तो जाहीरपणे विचारला. शीचीचा चुलतभाऊ वांग शिंगची याचा मृत्युलेख तेव्हा नानजिंगजवळ सापडला होता आणि त्यातील अक्षरांचे वळण ताठ, कोनदार, जुन्या कारकुनी लिपीला (लीशू) धरून होते. त्याच घराण्यातला, त्याच काळातला माणूस इतके वाहते अक्षर कसे काढील, असे म्हणून त्यांनी मजकूर व हस्ताक्षर दोन्ही उत्तरकालीन ठरवली आणि शीचीचा वंशज भिक्षू चीयोंग याच्याकडे बोट दाखवले. सुलेखनाचे अभ्यासक काओ अरशी यांनी त्याच वर्षी त्याचा प्रतिवाद केला.

क्वो यांचा पुरावा मला लंगडा वाटतो. छिन्नीने कोरलेला औपचारिक लेख आणि कुंचल्याने लिहिलेला मसुदा यांची तुलना समतोल नाही; शिवाय वायव्य चीनच्या वाळवंटातील लौलान या प्राचीन नगराच्या परिसरात सापडलेल्या चौथ्या शतकातील पत्रांत वाहते वळण दिसते. अर्थात, त्या पत्रांवरून असे अक्षर त्या काळी शक्य होते इतकेच सिद्ध होते. ते शीचीच्या हातचे होते, हे त्यांवरून ठरत नाही.