‘हॅव’ की ‘हॅज’: क्रियापदाचं तोंड कुणीकडे?

तासगावहून एका पालकांनी विचारलंय: मुलगी आठवीत आहे. ‘ही, शी, इट’नंतर ‘हॅज’ आणि ‘आय, वी, यू, दे’नंतर ‘हॅव’ हे तिला तोंडपाठ आहे. तरी पेपरात “शी डझ नॉट हॅज अ पेन” या वाक्यावर बाईंनी फुली मारली. ‘शी’ तर समोर दिसतेय, मग ‘हॅज’ चुकलं कसं? आणि ‘आय’ म्हणजे एकच माणूस, त्याला ‘हॅव’ का?

बाईंची फुली बरोबर आहे. वाक्य “शी डझ नॉट हॅव अ पेन” असं हवं. पाठ केलेला नियमही खोटा नाही, फक्त त्याचा अर्धाच भाग पाठ झालाय. ‘ही, शी, इट’मुळे क्रियापदाला जी ‘स’ची खूण लागते ती वाक्यात एकदाच लागते, आणि सर्वांत पुढं उभ्या असलेल्या क्रियापदाला लागते. “शी हॅज अ पेन” यात पुढं दुसरं कुणी नाही म्हणून ‘हॅज’. नकारासाठी किंवा प्रश्नासाठी ‘डू’ आणलं, की तो पुढं जातो, खूण उचलतो आणि ‘डझ’ होतो. मागं राहिलेलं क्रियापद मूळ रूपात येतं: “डझ शी हॅव अ पेन?” भूतकाळातही तसंच. ‘डिड’नं भूतकाळाची खूण घेतली, म्हणून “शी डिड नॉट हॅव”. “डिड नॉट हॅड” ही चूक तर आठवीतच काय, नोकरीच्या अर्जांतही सापडते.

‘कॅन, विल, मस्ट, शुड, मे’ ही मंडळी पुढं आली तर ती स्वतः कसलीच खूण घेत नाहीत आणि मागच्यालाही घेऊ देत नाहीत: “शी मस्ट हॅव”, “इट विल हॅव”. “ही शुड हॅज” कधीच नाही. ‘लेट’ आणि ‘मेक’नंतरही मूळ रूपच येतं: “लेट हर हॅव द बुक”. इथं ‘हॅव’च्या अगदी शेजारी एकच मुलगी उभी आहे, पण ती ‘शी’ नाही, ‘हर’ आहे. कर्ता नसलेल्या सर्वनामाकडं क्रियापद ढुंकूनही बघत नाही.

एक जागा मात्र सांभाळायची. ‘हॅव’ दोन कामं करतं. एक म्हणजे जवळ असणं, दुसरं म्हणजे दुसऱ्या क्रियापदाला पूर्णत्वाची जोड देणं. “शी हॅज गॉन टू विटा” हे दुसऱ्या कामाचं वाक्य. इथं ‘हॅज’ स्वतःच सहायक आहे, म्हणून ‘डू’ला बोलवायचं कारण नाही. प्रश्न “हॅज शी गॉन?” आणि नकार “शी हॅज नॉट गॉन”. ओळखायचं कसं? ‘हॅज’च्या मागं ‘गॉन, सीन, ईटन’ असं क्रियापदाचं तिसरं रूप आलं, तर ‘हॅज’लाच पुढं न्यायचं. मागं ‘पेन, फीव्हर, टू ब्रदर्स’ अशी वस्तू, आजार किंवा माणसं आली, तर ‘डू’ आणायचा. जुन्या ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत “हॅज शी अ पेन?” सापडतं. ते अशुद्ध नाही, पण आता जुनाट वाटतं. मुलीनं “डझ शी हॅव” किंवा “हॅज शी गॉट” यांतलं एक पक्कं करावं.

एवढं कळलं तरी चुका थांबत नाहीत. त्यांचं मूळ इंग्रजीत कमी आणि आपल्या तोंडातल्या मराठीत जास्त आहे. ‘हॅव’ला जोडीचं क्रियापद मराठीत रोजच्या वापरात नाही. आपण ‘आहे’वर भागवतो आणि मालकाला ‘ला’ किंवा ‘कडे’ लावून बाजूला बसवतो. मग ‘आहे’ कुणाच्या वचनानं चालतं? मालकाच्या नाही, मालकीच्या वस्तूच्या. ‘तिला दोन भाऊ आहेत’ यात ती एकटी, पण भाऊ दोन म्हणून ‘आहेत’. ‘त्यांना एकच बहीण आहे’ यात ते पुष्कळ, पण बहीण एक म्हणून ‘आहे’. इंग्रजीत नेमकं उलटं: “शी हॅज टू ब्रदर्स”, “दे हॅव वन सिस्टर”. मराठी क्रियापदाचं तोंड वस्तूकडं असतं, इंग्रजीचं मालकाकडं. ‘आहेत’चा अनेकवचनी ठसका कानात ठेवून मूल इंग्रजी लिहितं आणि “शी हॅव टू ब्रदर्स” होऊन जातं. तिला नियम येत नाही असं नाही, तिनं दुसऱ्याच भाषेचा नियम चोख पाळलाय.

गाव, शाळा, घर कर्ता झालं की हे आणखी नडतं. ‘वाईत पुष्कळ देवळं आहेत’ याचं “वाई हॅज मेनी टेम्पल्स”. वाई एक, म्हणून ‘हॅज’. देवळं शंभर असोत.

पूर्ण काळातही हाच पेच आहे, आणि तो सहसा कुणी दाखवत नाही. ‘तिने भाकरी केलीय’, ‘तिने चार भाकऱ्या केल्यात’: करणारी एकच, पण क्रियापद भाकऱ्यांच्या मागं गेलं. इंग्रजीत एक भाकरी असो की चार, “शी हॅज मेड” हेच. ‘केल्यात’मधला ‘त’ ऐकून ‘हॅव’ लिहायचं नाही.

मग आदरार्थी बहुवचन. ‘पाव्हणं आल्यात’ म्हणताना पाव्हणा एकटाही असू शकतो. ‘वडील शेतात गेलेत, किल्ली त्यांच्याकडं आहे’ याचं कच्चं भाषांतर “माय फादर हॅव गॉन, दे हॅव द की” असं होतं. इथं क्रियापदाआधी सर्वनामच घसरलं. इंग्रजी क्रियापदात आदर नसतो, एक माणूस तो एकच: “माय फादर हॅज गॉन, ही हॅज द की”. सर, मॅडम, मुख्यमंत्री, कुणीही असोत, ‘हॅज’च. वडिलांना ‘ही’ म्हणताना मराठी कानाला अरेतुरे केल्यासारखं वाटतं खरं, पण तो इंग्रजीचा दोष नाही.

घरी सराव असा घ्या. मराठी वाक्य वहीत लिहायचं. ‘आहे’ किंवा ‘आहेत’वर आडवी रेघ मारायची, म्हणजे ते फसवणार नाही. ‘ला’ किंवा ‘कडे’ लागलेल्या शब्दाखाली रेघ ओढायची, तो मालक. ‘ला’, ‘कडे’ काढून टाकून मालकाचं सर्वनाम ठरवायचं: तिला म्हणजे ‘शी’, त्यांना म्हणजे ‘दे’ की आदराचा ‘ही’ ते बघायचं. शेवटी पुढं ‘डझ’, ‘डिड’ किंवा ‘कॅन’च्या कुळातलं कुणी उभं आहे का ते तपासायचं. असेल तर डोळे झाकून ‘हॅव’. वाक्यं मुद्दाम उलटसुलट द्या, एक मालक आणि पुष्कळ वस्तू, मग पुष्कळ मालक आणि एक वस्तू. दोन्हीकडं एकवचन असलेल्या वाक्यांत खोट कळत नाही.

काही सर्वनामं अर्थानं अनेक आणि व्याकरणानं एक असतात. ‘एव्हरीवन, एव्हरीबडी, समवन, नोबडी, ईच’ यांना ‘हॅज’. ‘सगळ्यांना’ या मराठी अर्थावर जाऊन “एव्हरीवन हॅव” लिहिलं जातं, ते चूक. ‘बोथ, मेनी, फ्यू’ यांना ‘हॅव’. “ईच ऑफ देम हॅज”, पण “दे ईच हॅव”, कारण दुसऱ्यात कर्ता ‘दे’ आहे. ‘नन’ला दोन्ही चालतं. ‘हू’ला स्वतःचं वचन नाही, त्याच्या आधीचा शब्द बघायचा: “द गर्ल हू हॅज”, “द गर्ल्स हू हॅव”.

आता ‘आय’चं. ‘हॅज’ ही एकवचनाची खूण समजलं तर हा प्रश्न सुटत नाही, कारण ती नुसत्या एकवचनाची नाही, तृतीयपुरुषी एकवचनाची आहे. जुन्या इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं रूप होतं. साधारण उच्चार द्यायचा तर ‘मी’साठी ‘हॅब्बे’, ‘तो’साठी ‘हॅफ्थ’, ‘आम्ही’ आणि ‘ते’साठी ‘हब्बथ’. पुढं शेपट्या झडत गेल्या आणि ‘मी’चं व ‘ते’चं रूप घासून एकसारखं झालं. म्हणजे ‘आय’नं अनेकवचन घेतलेलं नाही, दोघांचे प्रत्यय गळाल्यानं ती सारखी दिसतात. तृतीयपुरुषी एकवचनाची शेपटी तेवढी टिकली. ती आधी ‘हॅथ’ अशी होती, 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये सर्रास ‘हॅथ’च आहे. ‘स’ची शेपटी उत्तर इंग्लंडच्या बोलीतून आली आणि तिनं ‘थ’ला हटवलं. ‘यू’ मुळात अनेकवचनी. एकट्यासाठी ‘दाऊ’ होतं आणि त्याच्याबरोबर ‘हॅस्ट’ येई. ‘दाऊ’ रोजच्या भाषेतून गेलं, म्हणून एकट्या माणसालाही “यू हॅव”. आपलं ‘तुम्ही’ एका माणसाला चालतं आणि क्रियापद बहुवचनीच राहतं, तसंच.

श्रुतलेखनात दोन गोष्टी फसवतात. “हॅव टू” बोलताना ‘हॅफ टू’ आणि “हॅज टू” ‘हॅस टू’ ऐकू येतं, लिहायचं मात्र पूर्ण. दुसरी ‘शी’ज’. हे “शी इज” आणि “शी हॅज” या दोन्हींचं आखूड रूप. त्याच्यानंतर ‘गॉट’ किंवा ‘बीन’ आलं तर ‘हॅज’. ‘इंग’ लागलेलं क्रियापद आलं तर ‘इज’. “शी’ज गॉन” मात्र दोन्हींत बसतं, म्हणून तिथं संपूर्ण रूप लिहा म्हटलं तर “शी हॅज गॉन” लिहावं.